आभासी वास्तवातील मळमळ : घाटात ‘गाडी लागते’ तीच व्याधी, उलट्या बाजूने

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाट उतरून केरी-साखळीला येणाऱ्या, किंवा निपाणीहून आजरामार्गे आंबोली घाटाने सावंतवाडी गाठून गोव्यात शिरणाऱ्या प्रवाशांना ‘गाडी लागणे’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तोंडाला पाणी सुटते, कपाळावर गार घाम येतो, जांभया सुरू होतात आणि मग मळमळ. डोळ्यांवर आभासी वास्तवाचा हेडसेट चढवून घरातल्या खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसालाही नेमकी हीच लक्षणे जाणवतात. वळण नाही, धक्का नाही, तरीही पोटात ढवळून येते.

दोन्हींचे मूळ एकच आहे. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव हलला की डोके कोणत्या दिशेला वळले, हे मेंदूला कळते. त्यांच्या शेजारी असलेले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे सरळ रेषेतील वेग वाढल्या-घटल्याची आणि गुरुत्वाकर्षणाची वार्ता देतात. ही वार्ता आणि डोळ्यांनी दिलेली साक्ष जुळली नाही, तर मेंदूचा गोंधळ उडतो. जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांनी १९७५ मध्ये हा संवेदन-विसंगतीचा सिद्धान्त सविस्तर मांडला. अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी तर १८८२ मध्येच नोंदविले होते की, अनेक मूकबधिरांना जहाज लागत नाही. कारण त्यांच्या आंतरकर्णाचे कार्यच बंद पडलेले असते. या गोंधळाचा शेवट उलटीतच का व्हावा, याचे एक उत्तर मिशेल ट्रिझमन यांनी १९७७ मध्ये सुचविले. विषबाधेतही इंद्रियांची साक्ष अशीच विस्कटते. त्यामुळे शरीर विष पोटात गेले असे समजून ते बाहेर टाकू पाहते. ही उपपत्ती सर्वमान्य नाही, परंतु विचार करण्याजोगी आहे.

घाट आणि हेडसेट यांत फरक आहे तो दिशेचा. बसमध्ये मोबाइलवर नजर खिळवलेल्या प्रवाशाचे शरीर हलत असते आणि डोळे ‘सारे स्थिर आहे’ असे सांगत असतात. हेडसेटमध्ये डोळ्यांपुढचे जग धावते आणि कान ‘आपण बसूनच आहोत’ असे बजावतो. म्हणूनच उपायही काही बाबतींत उलटे होतात. बसमध्ये खिडकीतून दूरच्या डोंगररेषेकडे पाहावे, म्हणजे दृष्टी जितकी मोकळी करता येईल तितकी करावी. हेडसेटमध्ये मात्र ती आवळावी लागते. कोलंबिया विद्यापीठातील अजॉय फर्नांडिस आणि स्टीव्हन फाइनर यांनी २०१६ मध्ये दाखविले की, हालचाल होत असताना दृश्याच्या कडा हळूहळू काळ्या करत नेल्या तर अस्वस्थता कमी होते, आणि वापरणाऱ्याच्या ते फारसे ध्यानातही येत नाही. आज अनेक खेळांच्या मांडणीत ही सोय असते. ती नवख्याने सुरूच ठेवावी.

चालकाला गाडी क्वचितच लागते. पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते, कारण ते तोच घेणार असतो. आभासी जगातही हेच खरे. स्वतःच्या पायांनी चालावे, मान स्वतः वळवावी. त्रास तुलनेने कमी होतो. लांबचा पल्ला गाठायचा असल्यास सरकत जाण्याऐवजी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एकदम ‘उडी’ मारण्याचा पर्याय निवडावा आणि सलग वळण्याऐवजी ठरावीक अंशांच्या टप्प्यांनी वळावे. या दृष्टीने पाहता, मॉलमध्ये नवख्यांना पहिल्याच अनुभवात पाळण्यासारखी झोके घेणारी रोलरकोस्टर दाखविण्याची प्रथा सर्वांत वाईट म्हणावी लागेल.

यंत्राचाही भाग मोठा आहे. डोके वळले आणि चित्र मागाहून वळले, तर विसंगती वाढते. हा विलंब २० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे मानले जाते. २०१६ च्या सुमारास आलेल्या हेडसेटनी सेकंदाला ९० चित्रे हा दंडक रूढ केला. भिंगांतील अंतर आपल्या बाहुल्यांमधील अंतराशी जुळवून घेणे ही लहानशी गोष्ट बहुतेकजण करीत नाहीत. प्रौढांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, पण व्यक्तीगणिक बदलते. तेवढ्यासाठी दोन मिनिटे खर्चावीत. समोर पंख्याची झुळूक असल्यास अनेकांना बरे वाटते.

सवयीने शरीर जुळवून घेते, मात्र सावकाश. पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटेच वापर करावा, दोन सत्रांत एखाद्या दिवसाचे अंतर ठेवावे. मळमळीची पहिली चाहूल लागताच हेडसेट काढून ठेवावा. जिद्दीने सहन करण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी नुसता हेडसेट पाहूनही पोटात कालवते.

घाटाच्या वाटेवर पिशवीत आलेपाक आणि लिंबू ठेवणाऱ्या आज्यांचा अनुभव अगदीच निराधार नव्हे. आल्याचा मळमळीवर काही प्रमाणात उपयोग होतो असे काही प्रयोगांत आढळले, काहींत आढळले नाही. त्याने अपाय मात्र क्वचितच होतो. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या गुणकारी आहेत, पण त्यांनी झोप येते. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, प्रवासाआधी घ्याव्यात. दोन वर्षांखालील बालकांना देऊ नयेत आणि चालकाने तर मुळीच घेऊ नयेत. खेळता यावे म्हणून गोळी घेणे हा उपाय नव्हे.

याच संदर्भात एक जुनी नोंद उपयोगी पडते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या नौदलाने हेलिकॉप्टरच्या प्रशिक्षणासाठी आभासी उड्डाणयंत्र वापरले, तेव्हा शिकाऊंपेक्षा मुरलेल्या वैमानिकांनाच अधिक त्रास झाला. खरे उड्डाण कसे जाणवते, हे त्यांच्या शरीराला पाठ होते. काहींना यंत्रातून उतरल्यानंतरही बराच वेळ तोल गेल्यासारखे वाटे. हेडसेटनंतरही तसे होऊ शकते. म्हणून तो काढल्यावर डोके पूर्ण स्थिरावेपर्यंत दुचाकीला किल्ली लावू नये, आणि त्या दिवशी चोर्ला उतरायचा असेल तर गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी.