वाळीत टाकलेल्यांच्या गावात

आजची गोष्ट आपल्या कर्वेनगरचीच आहे, पण ती सुरू होते आमच्या हळदीकुंकवाच्या यादीपासून.

संक्रांतीच्या आधी आम्ही सहाजणी यादी करायला बसलो होतो. मजल्यामागून मजला नावं लिहिली जात होती. वरच्या मजल्यावरच्या एका घरापाशी पेन थांबलं. त्या घराचं आणि कमिटीचं पाण्याच्या टाकीवरून गणपतीपासून वाजलेलं होतं. कुणी ‘नको’ म्हणालं नाही, कुणी ‘घाला’ही म्हणालं नाही. पेन पुढच्या घराकडे गेलं. हळदीकुंकू झालं, वाण लुटलं, आणि चार दिवसांनी आमच्यातलीच एक म्हणाली, “अगं, आपण त्यांना वाळीतच टाकलं की!”

तो शब्द आम्हाला बोचला. कारण आपण राहतो ते कर्वेनगर, म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक, ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्या अण्णांना, महर्षी धोंडो केशव कर्व्यांना, त्यांच्याच गावानं वाळीत टाकलं होतं. मग आम्ही वाचायला बसलो. गाव न्याय कसा करत होतं, माणसाला बाहेर कसं काढत होतं आणि मुख्य म्हणजे परत आत कसं घेत होतं, ते शोधत गेलो.

आधी जुन्या काळाचं. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा, हद्दीचा, मानपानाचा तंटा झाला की गोतसभा बसायची. गोत म्हणजे फक्त भाऊबंद नव्हेत. पाटील, कुलकर्णी, शेजारच्या गावांचे वतनदार आणि बलुतेदारसुद्धा त्यात असत. दोन्ही बाजूंकडून आधी ‘राजीनामा’ लिहून घ्यायचे. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, पण तेव्हा त्याचा अर्थ होता, गोत जे ठरवील त्याला आम्ही राजी आहोत. मग तक्रारी, साक्षी, देवळात बेलभंडार उचलून शपथा. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्याच्याखाली ज्याची त्याची निशाणी असे: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, न्हाव्याचा आरसा, लोहाराची सांडशी. अक्षर न येणारा माणूसही त्या कागदावर होता, हे आम्हाला फार आवडलं.

जिंकणाऱ्यानं सरकारात ‘हरकी’ भरायची, हरणाऱ्यानं ‘गुन्हेगारी’. हरणाऱ्याकडून ‘यजितखत’ही लिहून घेत. माझा दावा खोटा ठरला, पुन्हा भांडणार नाही, असं त्यानं स्वतः लिहून द्यायचं. म्हणजे निकाल नुसता ऐकवून भागत नव्हतं, हरलेल्याच्या तोंडून तो वदवून घ्यायचा. कारण उघड आहे, दोघांनाही उद्या त्याच विहिरीवर यायचं होतं.

पण भाबडेपणानं याचं कौतुक करायला आम्ही तयार नाही. साक्षीपुराव्यानं निकाल लागेना तर ‘दिव्य’ करायला लावत. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा, म्हणजे ‘रवा’, हातानं काढायचा. मग हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी सोडून बघायचा. भाजला असेल तर खोटा. आणि त्या महजरांवर ज्या निशाण्या आहेत त्या बहुतेक पुरुषांच्या. क्वचित एखादी पाटलीण वतनासाठी भांडताना दिसते, पण गोतात बसून निवाडा देणारी बाई शोधू गेलं तर हाती फारसं काही लागत नाही.

गोताकडे मोठी शिक्षा होती ती बाहेर काढण्याची. रोटी-बेटी बंद. पण तिच्या जोडीला परत घेण्याची रीतही होती. प्रायश्चित्त घ्यायचं, दंड भरायचा आणि मग गोताला जेवू घालायचं. सगळ्यांच्या पंगतीत बसून तो माणूस जेवला की पुन्हा गोतात आला. धर्मांतर झालेले बजाजी निंबाळकर आणि नेताजी पालकर यांना शिवाजी महाराजांच्या काळात परत घेतलं, ते असंच प्रायश्चित्त करवून. दार लावताना कडी आतून घालायची, पण ती काढायची कशी हेही ठाऊक असायचं.

इंग्रज आले. एल्फिन्स्टननं १८१८ नंतर पंचायतींचं कौतुक केलं, त्या चालू ठेवायचाही प्रयत्न केला, पण हळूहळू कोर्टकचेरीच वरचढ झाली. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केल्यावर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. कोर्टाआधी सलोखा घडवणारे लोक त्यात पुन्हा नेमले गेले. जमीन आणि कर्ज यांचा न्याय असा सरकारकडे गेला. जातीकडे उरलं ते घर, म्हणजे लग्न, पंगत, चूल. म्हणजे आपला प्रांत.

पुण्यातलं एक प्रसिद्ध ग्रामण्य बघा. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला, शेवटी चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक अशी मोठी मंडळी हजर होती. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, चाळीसहून अधिक जणांची नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. चहाच्या एका कपावर दोन वर्षं! रानडे स्वतः हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचणारे, पण १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारक त्यांच्यावर चिडले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाबद्दल लिहिलं आहे. त्यांनाही ते रुचलं नव्हतं. पण रानड्यांसमोर मित्रांची घरं होती. बहिष्कार बाप्यावर पडतो, पण भटजी मिळत नाही म्हणून श्राद्ध अडतं ते घरात, आणि सणाला माहेरी येणं अडतं ते लेकीचं. आम्हाला रानड्यांचा निर्णय पूर्ण पटत नाही. तरी त्यांनी घरांचा विचार केला, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणतो.

पुढच्याच वर्षी अण्णांचं लग्न झालं. ११ मार्च १८९३. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा विधुर आणि गोदूबाई, म्हणजे अण्णांच्या मित्राची, नरहरपंत जोशांची बहीण. लहानपणीच विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, सगळे बाया म्हणत. दोघं कोकणात मुरूडला गेली. गावानं सभा भरवली आणि ठराव केला: कर्व्यांशी संबंध ठेवायचा नाही, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर त्या घरावरही बहिष्कार.

हा ठराव आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. शिक्षा अण्णांना आणि बायांना, पण अंमल करायचा आईनं! पोटच्या पोराला ओटीवरून परत पाठवायचं, नाहीतर थोरल्या मुलाचं चालतं घर बंद पाडायचं. त्या माउलीला सभेत कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. पुढे अण्णा मुरूडला जात तेव्हाही घरच्या पंगतीत त्यांना जागा नव्हती. आणि परत यायची जुनी वाट होती प्रायश्चित्ताची. बायको केली ही चूक झाली असं म्हणायची. ती वाट अण्णांनी धरली नाही.

त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेग आला, आणि १९०० साली आश्रम शहराबाहेर इथे, हिंगण्याला आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या जमिनीवर एक झोपडी उभी राहिली. ती अजून जपून ठेवलेली आहे, आपल्यातल्या कितीजणी तिच्यावरून रोज बसनं जातो. कॉलेज सुटलं की अण्णा पुण्याहून चालत यायचे. वाट चिखलाची आणि काट्यांची होती.

आता जे सांगतोय ते सांगताना जड जातं. अण्णा हिंगण्याला, आणि बाया मुलांना घेऊन पुण्यात. कारण आश्रमात विधवा मुली पाठवणाऱ्या घरांना धास्ती होती, हा आमच्या मुलींची लग्नं लावून देईल. म्हणून आश्रम आणि पुनर्विवाह ही कामं अण्णांनी वेगळी ठेवली, आणि पुनर्विवाह केलेल्या बायांना बरीच वर्षं आश्रमापासून लांब राहावं लागलं. मुरूडनं त्यांना गावाबाहेर ठेवलं, आणि विधवांसाठी उभ्या राहिलेल्या आश्रमानंही उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्यांच्या धाकट्या बहिणीला, पार्वतीबाई आठवल्यांना, तिथे काम मिळालं, कारण त्या विधवाच राहिल्या होत्या. बायांनी ‘माझे पुराण’मध्ये आपली बाजू स्वतः लिहून ठेवली. गोतसभेत बसायला न मिळालेल्या बाईचा तो महजरच म्हणा. कुणाकडे असेल तर मागून वाचा.

अण्णा शंभरी पार करून १९६२ साली गेले. बहिष्कार मात्र तेव्हा संपला नाही. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या बायकांच्या तक्रारी आपल्याच राज्यात येत राहिल्या, डॉक्टर दाभोलकरांच्या चळवळीनं २०१३ साली त्यावर मोहीम उघडली, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ साली मंजूर होऊन जुलै २०१७ पासून लागू झाला. आता कुणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. हळदीकुंकवाच्या यादीला हा कायदा लागत नाही, आम्ही विचारून घेतलं. हसू नका, खरंच विचारलं.

गेल्या रविवारी आम्ही दोघी त्या वरच्या मजल्यावर गेलो. वाण घेऊनच गेलो, उशिरा का होईना. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. सुनेनं सांगितलं की सकाळी त्यांच्या नळाला जेमतेम वीस मिनिटं पाणी येतं, आणि तेवढ्यात सासऱ्यांची आंघोळ उरकावी लागते. ही गोष्ट कमिटीच्या एकाही मीटिंगमध्ये आली नव्हती, कारण मीटिंगला तिचे यजमान जात आणि ते फक्त पाइपच्या खर्चावर भांडत. आता पुढच्या मीटिंगला तीही येणार आहे. आम्ही वही काढली तशा सासूबाई म्हणाल्या, “लिहाल नंतर. आधी चहा घ्या.”