समुद्रोद्भव देवता

ग्रीक पुराणांतील अफ्रोडायटी समुद्राच्या फेंसांतून जन्मली. सुखरूप प्रवासासाठीं नावाडी तिची प्रार्थना करीत. रोमन लोक तिलाच व्हीनस म्हणत, आणि पॉम्पेई नगरीची ती रक्षणकर्ती होती. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या त्या नगरींत १९३८ सालीं एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. आपली लक्ष्मीहि समुद्रमंथनांतूनच निघालेली. विद्वानांनीं त्या मूर्तीस प्रथम तिचेंच नांव दिलें. पुढें १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनीं भोकरदन येथें केलेल्या उत्खननांत तशाच घडणीची भग्न मूर्ति हातीं आली. पॉम्पेईच्या मूर्तींत लक्ष्मीचीं लक्षणें नाहींत. म्हणून आज तिला बहुधा यक्षी मानतात. देवीचें नांव गेलें खरें. परंतु मराठवाड्याचें सागरापारच्या व्यापाराशीं असलेलें नातें या जोडीनेंहि उजेडांत आणलें.