पगारावरचा कर आणि गावची राखण

पोलीस, अग्निशमन आणि संकटकाळी धावून येणाऱ्या सेवांसाठी पगारावर स्थानिक कर लावावा, ही कल्पना अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या युजीन शहराने प्रत्यक्षात आणली. २०२१ च्या आरंभापासून तेथे बहुतेक नोकरदारांच्या वेतनातून ०.४४ टक्के आणि मालकांकडून बहुतांशी ०.२१ टक्के कर घेतला जातो. किमान वेतनावरील कामगारांना तो माफ आहे. असा कर नार्नूरसारख्या मंडलात शक्य आहे काय, हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. पगारावरचा कर येथील शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी आजही भरतातच. त्याचे नाव व्यवसाय कर; पगारपत्रकात तो ‘पी. टी.’ या दोन अक्षरांत मावतो.

या कराचा आधार राज्यघटनेचे कलम २७६ होय. मुळात त्याची मर्यादा माणशी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि तेथेच थांबली. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० रुपयांपर्यंत न्यावी असे सुचवले, पण दुरुस्ती झाली नाही. तेलंगणात १५ हजारांपर्यंत मासिक वेतनाला कर नाही, २० हजारांपर्यंत दरमहा १५० रुपये आणि त्यावर २०० रुपये. वरच्या टप्प्यातील नोकरदार वर्षाला २,४०० रुपये देतो. म्हणजे उद्या सरकारने दर वाढवायचे ठरवले, तरी माणशी अवघे १०० रुपये वाढवता येतील.

कर स्थानिक आहे काय, हा दुसरा प्रश्न. तमिळनाडू आणि केरळमध्ये तो आजही स्थानिक संस्थाच गोळा करतात. संयुक्त आंध्र प्रदेशात १९८७ च्या कायद्याने तो राज्याच्या कर खात्याकडे गेला आणि स्थानिक संस्थांच्या वाट्याला भरपाई आली. ग्रामपंचायतीच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. स्वतः गोळा केलेल्या पैशाचा हिशेब गाव मागते. वरून येणाऱ्या रकमेची गाव वाट पाहते.

कर एका कामाला बांधून ठेवण्याचे उदाहरण मात्र मराठी मुलखातच सापडते. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला तो त्यासाठीच, आणि जमा होणाऱ्या कराइतकीच भर सरकारनेही घालावी असे ठरले. शहरातील पगारदाराच्या खिशातून खेड्यातील मजुराच्या हाताला काम मिळाले. पुढे २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला, तरी कर राहिलाच. एकदा बसलेला कर सहसा उठत नाही.

गावच्या राखणीचा खर्च गावानेच सोसण्याची रीत तर त्याहून जुनी. जागल्या, महार, रामोशी यांना राखणीबद्दल धान्य, वतन किंवा हक्क मिळत. पेशवाई गेल्यावर रामोशांचे हे हक्क हिरावले गेले आणि त्या असंतोषातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी झाली.

नार्नूरच्या पूर्वेला, सीमेपलीकडे, जिवती तालुका आहे. १९५६ पर्यंत तो राजुऱ्याचा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तेथे महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार पोलीस पाटील अजून आहे. २०२४ मध्ये त्याचे मासिक मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये झाले आणि ते राज्याच्या तिजोरीतून जाते. अलीकडे मात्र एन. टी. रामाराव यांच्या सरकारने १९८० च्या दशकात पटेल-पटवारी पद्धत मोडली. ती मोडणे न्याय्य होते, कारण वंशपरंपरागत सत्तेचा जाच तेलंगणाने पुष्कळ सोसला होता. पण त्याबरोबर गावातली पहिली खबर देणारा अधिकृत माणूसही गेला.

आता हिशेब. समजा, मंडलात वरच्या टप्प्यातील ३०० पगारदार आहेत. त्यांचा संपूर्ण व्यवसाय कर येथेच ठेवला, तर वर्षाला ७ लाख २० हजार रुपये होतील. जिवतीच्या दराने एवढ्यात चार पोलीस पाटलांचे मानधन निघते. अग्निशमन बंबाचे नाव काढायला नको. मर्यादेत उरलेले १०० रुपये घेतले, तर ३० हजार मिळतील, म्हणजे एका पोलीस पाटलाचे दोन महिने. नार्नूरची बहुसंख्य माणसे कापूस पिकवतात किंवा मजुरी करतात. त्यांना पगारपत्रक नाही. पगारदारांची दाटी हैदराबादेत आहे, आणि कराचे खरे पीकही तेथेच येते.

म्हणून येथे नव्या करापेक्षा वाटणीची चर्चा अधिक उपयोगी ठरते: राज्यभर जमणाऱ्या व्यवसाय कराचा ठरावीक हिस्सा, महाराष्ट्राने रोजगार हमीसाठी बांधला तसा, दुर्गम मंडलांच्या सुरक्षेसाठी बांधता येईल काय? केंद्राच्या आकांक्षी गट कार्यक्रमात नार्नूरचा समावेश आहे. आरोग्य, शिक्षण, शेती, पायाभूत सोयी आणि सामाजिक विकास हे त्याचे विषय आहेत; सुरक्षा हा स्वतंत्र विषय त्यात नाही.