शांती करणारे (ख्रिस्ती संकल्पना)

'शांती करणारे' ही ख्रिस्ती धर्मातील एक नैतिक संकल्पना असून तिचा आधार मत्तयकृत शुभवर्तमानात (५:९) आहे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभी येणाऱ्या धन्यतेच्या वचनांपैकी हे सातवे वचन होय. शांती घडवून आणणारे देवाची लेकरे ठरतील, असा त्याचा आशय आहे. लूकच्या शुभवर्तमानातील समांतर प्रवचनात मात्र ते आढळत नाही.

अर्थ

मूळ ग्रीक शब्द 'एइरेनोपोइओस' हा 'शांती' आणि 'करणे' यांचा समास असून नव्या करारात तो येथे एकदाच येतो. त्यात कृती अभिप्रेत असल्याने केवळ भांडण टाळणाऱ्या शांत स्वभावाच्या माणसाला तो लागू पडत नाही. रोमन जगात हा गौरव युद्धे जिंकणाऱ्या राज्यकर्त्यांचा मानला जाई. येथे तो सामान्य श्रोत्यांच्या वाट्याला येतो. याच अध्यायात (५:२३-२४) वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला, भावाचे आपल्याशी बिनसले आहे हे आठवताच, अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करण्यास सांगितले आहे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यानेच पुढाकार घ्यावयाचा. याउलट, आपण शांती नव्हे तर तलवार आणण्यास आलो आहोत, या अर्थाचे येशूचे उद्गारही मत्तयातच (१०:३४) आहेत.

मतभेद

शांती करणाऱ्याने शस्त्र उचलावे काय, हा यातील सर्वांत अवघड प्रश्न. संत ऑगस्टीन यांनी या वचनाचा अर्थ प्रथम अंतर्मुख लावला: विकारांना विवेकाच्या अधीन ठेवणारा तो शांती करणारा. पुढे बोनिफेस या रोमन सेनापतीस लिहिलेल्या पत्रात त्यांनी हेच वचन सांगून, युद्ध करतानाही शांतीचाच हेतू बाळगण्याचा उपदेश केला. मेनोनाइट व क्वेकर पंथीयांना हा अर्थ मान्य नाही. क्वेकरांनी इ.स. १६६० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास दिलेल्या निवेदनात सर्व प्रकारच्या युद्धांचा त्याग जाहीर केला. त्यांच्या दोन संस्थांना १९४७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

मोझांबिकमधील मध्यस्थी

आधुनिक काळातील ठळक उदाहरण म्हणून 'सांत एजिदिओ' या रोममधील कॅथलिक समुदायाचा उल्लेख करावा लागेल. या समुदायाकडे सैन्य नव्हते, आर्थिक दबाव आणण्याची शक्तीही नव्हती. तरीही १९९० पासून मोझांबिकचे फ्रेलिमो सरकार आणि रेनामो बंडखोर यांची बोलणी त्याच्याच वास्तूत झाली. बैराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हिस हेही मध्यस्थांपैकी एक होते. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी शांतता करारावर स्वाक्षऱ्या झाल्या व १९९४ मध्ये निवडणुका पार पडल्या. मात्र २०१३ च्या सुमारास संघर्ष पुन्हा उफाळला आणि २०१९ मध्ये उभय पक्षांना नवा करार करावा लागला.