ब्रिटनमधील जलद चार्जिंगच्या दरांची वाटचाल

ब्रिटनच्या महामार्गांवर विजेच्या गाड्यांसाठी चार्जर बसवण्याचे काम इकोट्रिसिटी या वीज कंपनीने 2011 मध्ये सुरू केले. वीज फुकट होती. गाड्या मोजक्याच असल्याने ते परवडत होते. 2016 मध्ये प्रथम शुल्क आले: 20 मिनिटांना 5 पौंड. तक्रारी होताच ते 30 मिनिटांना 6 पौंड झाले. पण मूळ दोष राहिलाच. थंडीत बॅटरी वीज हळू घेते. त्यामुळे तेवढ्याच पैशांत एखाद्या गाडीला दुसरीच्या निम्मीच वीज मिळे. वेळेच्या हिशेबाने वीज विकणे हा मुळात अन्यायच होता. 2017 मध्ये कंपनी युनिटच्या दरावर आली, मात्र जोडणीचे शुल्क वेगळे आकारले. 2021 मध्ये हे जाळे ग्रिडसर्व्ह या कंपनीकडे गेले. दर युनिटमागे पेन्समध्येच दाखवण्याची सक्ती सरकारने 2023 च्या नियमांनी केली. तोपर्यंत एक दरी ठळक झाली होती: घरच्या विजेवर 5 टक्के मूल्यवर्धित कर, सार्वजनिक चार्जरवर 20 टक्के. घरापुढे गाडी लावायला जागा नसलेल्यांना हा फरक सर्वाधिक जाचला.