पेटंटचे वाद आणि कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. चढणे अटळच झाले तर ती कोणत्या कोर्टाची असावी, याविषयी मात्र म्हण मौन पाळते. मुंबईत हा दुसरा प्रश्न फार जुना आहे.

१८२८ साली पुण्यातील मोरो रघुनाथ हा मुलगा चुलत आजोबांच्या ताब्यात होता. पुण्यात कंपनीची न्यायालये असूनही त्याला सोडवू पाहणाऱ्यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टाकडे धाव घेतली. न्या. जॉन पीटर ग्रँट यांनी मुलाला हजर करण्याचा हुकूम काढला. गव्हर्नर माल्कम यांनी त्याची अंमलबजावणी होऊ दिली नाही. एप्रिल १८२९मध्ये ग्रँट यांनी कोर्टच बंद केले. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने निर्वाळा दिला, की या कोर्टाची हुकमत तिथवर पोचत नाही.

१८६२ साली मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन झाले ते राणीच्या ‘लेटर्स पेटंट’ने. ‘पेटंट’ म्हणजे उघडे. कोणीही वाचावे असे राजमुद्रांकित पत्र. शोधकर्त्याला मक्ता देणारी सनदही याच कुळातली. १८६५च्या सुधारित सनदेतील बाराव्या कलमाने हद्द आखली: वादाचे कारण मुंबईत घडलेले असावे किंवा प्रतिवादी मुंबईत राहत वा व्यवसाय करत असावा. कारणाचा केवळ काही भाग मुंबईत घडला असेल, तर न्यायालयाची परवानगी हवी.

१९७०चा पेटंट कायदा एवढेच सांगतो, की दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली लावता येणार नाही. कोणता जिल्हा, हे सर्वसाधारण दिवाणी नियमांवर सोपवले आहे. औषध देशभर विकले जात असेल, तर दरवाजे अनेक उघडतात. २००७ साली पुण्याच्या बजाजने इंजिनाच्या पेटंटसाठी मद्रासला दावा लावला, तर त्याच भांडणातून होसूरच्या टीव्हीएसने बदनामीचा दावा मुंबईत आणला. प्रत्येकाने दुसऱ्याचे अंगण निवडले!

सिप्ला ही १९३५पासूनची मुंबईची कंपनी. पण रोश कंपनीने २००८ साली कर्करोगावरील औषधाच्या पेटंटवरून तिला खेचले ते दिल्ली उच्च न्यायालयात. रोशची गोळी सुमारे ४,८०० रुपयांची, सिप्लाची १,६००ची. न्या. एस. रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई नाकारली, ती रुग्णांचे हितही विचारात घेऊन. मुंबईच्या वाट्याला वेगळा प्रसंग आला. येथील पेटंट कार्यालय काही काळ लोअर परळला सन मिलच्या आवारात होते, पुढे ते अँटॉप हिलला गेले. मार्च २०१२मध्ये मुंबईतूनच नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटकोला देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला. बायरच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. तो आदेश जुलै २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम ठेवला.

तरीही पेटंटचे दावे दिल्लीकडे ओढले जातात. तेथे या विषयाला सरावलेले न्यायाधीश आहेत, निवाड्यांचा साठा आहे, तज्ज्ञ वकील आहेत आणि २०२१पासून बौद्धिक संपदेचा स्वतंत्र विभाग आहे. एक दावा पुढच्या दाव्याला वाट करून देतो. अमेरिकेत टेक्सासमधील मार्शल या लहानशा गावाचे असेच झाले. तेथील न्यायालयाच्या झटपट वेळापत्रकामुळे देशभरचे दावे तिकडे वाहिले. कोर्टासमोरच्या बर्फावरील स्केटिंगला सॅमसंगने देणगी दिली. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा ओघ आवरला.

सोयीचे न्यायालय निवडणे हे पाप नव्हे. मोरो रघुनाथसाठी धावलेल्यांनीही तेच केले. परंतु पेटंटची मुदत २० वर्षांची आणि खटला वर्षानुवर्षांचा, म्हणून अंतरिम आदेशच पुष्कळदा अंतिम निकाल ठरतो. तेव्हा पायरीची निवड ही निव्वळ कार्यपद्धती उरत नाही. ती निवड वादी करतो. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर औषधाची चिठ्ठी घेऊन उभा असलेला माणूस त्या दाव्यात पक्षकारही नसतो. दरवाजे किती आणि कोणते असावेत हे ठरवताना कायद्याने आधी त्याचा विचार करायला हवा.