बाणाची काडी कोणती?

इ. स. १५३९ मध्ये हर्नांदो दे सोतो याचे स्पॅनिश सैन्य फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरले. या मोहिमेतील एका पोर्तुगीज गृहस्थाची हकिगत १५५७ मध्ये छापली गेली. तीत तेथील रहिवाशांच्या बाणांचे वर्णन आहे. बाण वेळूसारख्या काडीचे, जड आणि चिवट असत. कड्यांच्या चिलखतावर आदळले की काडी चिरफळे आणि तिच्या चिरफळ्या कड्यांमधून आत घुसत. लोखंड पांघरून आलेल्या सैनिकांना एका गवताने जेरीस आणले होते!

हे गवत कोणते? इंग्रजीत त्याला ‘केन’ म्हणतात. शब्दकोश पाहून त्याचे ‘वेत’ असे भाषांतर करण्याचा मोह होतो, पण ते चूक आहे. वेत ताडाच्या कुळातला आणि भरीव. छडीमुळे शिक्षकांना तो चांगलाच परिचित! अमेरिकेच्या आग्नेय भागातील ‘रिव्हर केन’ मात्र पोकळ असते व तो खरा बांबू आहे. आपल्याकडेही ‘शर’ या शब्दाचे बाण आणि एक उंच गवत असे दोन्ही अर्थ आहेत, हे येथे आठवावे.

थॉमस वॉल्टर याने १७८८ मध्ये या केनच्या दोन जातींची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. आज त्यांना अरुंडिनारिया जायगँटिया व अरुंडिनारिया टेक्टा म्हणतात. पुढे मात्र त्या खरोखर दोन आहेत की एकच, यावर दीर्घकाळ घोळ चालला. कारण सोपे आहे. आम्ही वनस्पतींचे अभ्यासक जात ठरवताना आधी फूल पाहतो आणि केनला फुलोरा येतो तो कित्येक वर्षांनी, क्वचितच. डोंगरउतारावरची, शरद ऋतूत पाने गाळणारी तिसरी जात तर २००६ मध्ये स्वतंत्र ठरली. स्थानिक लोक तिला आधीपासूनच ‘हिल केन’ म्हणत होते.

बाण करणाऱ्याला फुलाची वाट पाहून चालत नसे. त्याला काडी पाहूनच निवड करावी लागे आणि नुसती जात ओळखूनही भागत नसे. बांबूचा कोंब एकाच हंगामात पूर्ण उंची व जाडी गाठतो. त्यानंतर तो जाड होत नाही, फक्त कठीण होत जातो. म्हणजे जाडीवरून वय कळत नाही. कोवळी काडी वाळताना आक्रसते. म्हणून फांद्या फुटलेली, जून काडी घ्यायची, निखाऱ्यांवर शेकत पेऱ्यांशी सरळ करायची आणि पेऱ्यांचे उंचवटे तासायचे.

चेरोकी व चोक्टॉ लोक याच केनच्या टोपल्या विणत, फुंकनळ्याही करीत. केनची बने टिकावीत म्हणून ती अधूनमधून जाळली जात. गोऱ्या वसाहतवाल्यांना मात्र केनचे बन म्हणजे सुपीक जमिनीची खूण वाटे. त्यांनी तेथे नांगर घातला, गुरे चारली. मूळ बनांपैकी सुमारे ९८ टक्के नष्ट झाली, असा अंदाज आहे. टोपल्या विणणाऱ्या चेरोकी कारागिरांना आज चांगली केन मिळवणे अवघड जाते.

त्यातच १८८२ मध्ये अलाबामात आणलेला फायलोस्टॅकिस ऑरिया हा आशियाई बांबू आता रानोमाळ पसरला आहे आणि नवखा माणूस त्यालाच केन समजतो. या बांबूच्या प्रत्येक पेऱ्याशी दोन असमान फांद्या असतात, त्यांच्या वर कांडीला ठळक खोबण असते आणि खोडावरची आवरणे लवकर गळून पडतात. केनची आवरणे मात्र बराच काळ खोडाला चिकटून राहतात आणि कोवळ्या खोडाच्या शेंड्याला पानांचा पंख्यासारखा झुबका असतो.